दोन हात वॉर्निश

श्रीरंग बापटला एका मडक्याचा राग येतो, हे कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते, म्हणून त्याने ते कुणालाच सांगितलं नाही. शिकागोतल्या कंपनीत पुलांचे हिशेब तपासणारा इंजिनिअर, नेपरव्हिलमध्ये चार बेडरूमचं घर, मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने बांधलेलं लाकडी डेक, आणि हा गृहस्थ जळत होता कुणावर, तर फायरप्लेसवरच्या फळीवर ठेवलेल्या दीड वीत उंचीच्या मडक्यावर.

खरं म्हणजे तो जळत होता मडकं आणणाऱ्यावर. पण आणणारा आठवड्याचे सगळे दिवस समोर नसतो आणि मडकं असतं.

आणणारा कुमार. मृणालिनीच्या, म्हणजे श्रीरंगच्या बायकोच्या, कॉलेजातला. दोघं एकाच वर्गात भूगर्भशास्त्र शिकले. पुढे तिने लग्न केलं आणि ती इलिनॉयला आली, कुमार मोरोक्कोत फॉस्फेटच्या खाणींवर नोकरीला लागला. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्या कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी शिकागोच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं, आणि तो पहिल्याच शनिवारी गाडी पकडून नेपरव्हिलला जेवायला हजर झाला. चाळिशी आली तरी लग्न केलेलं नव्हतं. ही गोष्ट लोक सहज सांगतात आणि सहज विसरतात. श्रीरंग ती विसरला नाही.

कुमारने दोन वस्तू आणल्या होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पहिली त्याने श्रीरंगच्या हातात दिली. "बापटसाहेब, ही तुमच्यासाठी. फेज शहरातली आहे."

ती निळी थाळी होती. पांढऱ्या झिलईवर निळ्या रेघांची अशी जाळी की एक चांदणी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळू नये. कुमार म्हणाला, तिथले कारागीर हे हाताने काढतात, छापाने नाही. श्रीरंगला थाळी आवडली. भिंतीवर नेमकी कुठे लावायची हेही त्याने मनाशी ठरवून टाकलं.

मग कुमारने मांडीवर ठेवलेलं दुसरं पुडकं सोडलं. "आणि मृणाल, हे तुझं."

मृणाल. घरात तिला कुणी मृणाल म्हणत नव्हतं. श्रीरंग 'अगं' म्हणायचा आणि अमेरिकन शेजारी 'मिनी'.

मडकं साधं होतं. मातकट रंग, एका बाजूला जरासं कलतं, अंगावर काळपट तपकिरी रेघा, त्रिकोण, मधोमध ठिपका असलेले चौकोन. झिलई नव्हती. कुमार सांगत होता की उत्तरेच्या डोंगरात बायका हे घडवतात, चाक न वापरता, नुसत्या हाताने, उघड्यावर भाजतात आणि झाडपाल्याच्या रसाने रंगवतात. बाहेरचे त्यांना बर्बर म्हणतात, त्या स्वतःला अमाझिघ म्हणवतात. ही नक्षी म्हणे दृष्ट लागू नये म्हणून काढतात.

"माहितीपत्रकातलं पाठांतर दिसतंय," श्रीरंग म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

कुमारने स्वयंपाकघरातून तांब्याभर पाणी आणून मडक्यात ओतलं. "आता थांब जरा." थोड्या वेळाने मडक्याच्या अंगावर ओल उमटायला लागली, आधी बुडाशी, मग पोटापर्यंत. "आता वास घे."

मृणालिनी वाकली. कुमारही वाकला. दोन डोकी मडक्याच्या तोंडाशी, दोघांचे डोळे मिटलेले. फोटो काढायला म्हणून श्रीरंग कॅमेरा घेऊन उभा होता. त्याने फोटो काढला नाही.

"श्रीरंग, ये ना. वास बघ कसला येतोय," ती म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता.

तो गेला, वाकला, जोरात श्वास ओढला. काहीही नाही. अमेरिकेत आल्यापासून त्याच्या सायनसने त्याचं नाक कायमचं बंद करून टाकलं होतं. फोडणी करपली तरी त्याला धूर डोळ्यांना झोंबला की कळायचं.

"हं. छान," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मृणालिनीचा नेम सुरू झाला. सकाळी मडक्यात पाणी घालायचं, आणि दुपारी, संध्याकाळी, येता-जाता त्याच्यावर वाकायचं. श्रीरंग कामावरून आला की पाहायचा, ही फायरप्लेसपाशी उभी, डोळे मिटलेले. "काय करतेस?" विचारलं तर "काही नाही" म्हणायची. नवऱ्याला हे उत्तर कधीच पुरत नाही. त्याला वाटायचं, डोळे मिटून ती कुठेतरी जाते, आणि जिथे जाते तिथे कुमार आहे. आपल्याला दार उघडत नाही, कारण आपलं नाक चोंदलंय. यापेक्षा मोठा अपमान त्याला सुचेना.

येणारे-जाणारेही मडक्याचंच कौतुक करायचे. समोरची जूडी म्हणाली, असल्या वस्तू हल्ली मासिकांत दाखवतात, यात वाळवलेली फुलं ठेवलीत तर लिव्हिंग रूमचा लुकच बदलेल. "एक्झॅक्टली. शोभेची वस्तू आहे," श्रीरंग म्हणाला. "पाणी कसलं घालायचं त्यात?" निळ्या थाळीकडे बघून जूडी नुसतं "नाइस" म्हणाली, तेही त्याच्या मनाला लागलं.

ऑगस्टच्या शेवटी मृणालिनी आठ वर्षांच्या रुपालीला घेऊन न्यू जर्सीला मावसबहिणीकडे गेली. शाळा सुरू व्हायच्या आत एक आठवडा. घरात श्रीरंग आणि मडकं, दोघंच उरले.

त्याने ते फोडलं असतं तर प्रकरण सोपं झालं असतं. सांडलं, पडलं, सॉरी. पण श्रीरंग इंजिनिअर होता आणि फोडाफोडीचा त्याला तिटकारा होता. डेकला लावून उरलेला पारदर्शक वॉर्निशचा डबा गराजमध्ये होता. मॅट फिनिश. लावल्यावर चमकत नाही, लावलंय हे कळतही नाही. मडकं चांगलं वाळवून त्याने बाहेरून दोन हात मारले, मध्ये नीट वाळू दिलं, मग आत ओतून, गोल फिरवून उरलेलं काढून टाकलं. एक बारीकसं छिद्रही सुटू दिलं नाही. स्वतःची समजूत काढायला कारण तयार होतं: नाजूक वस्तू, टिकायला हवी. काम मात्र मन लावून केलं. इतकं सुबक काम त्याने डेकवरही केलं नव्हतं.

मृणालिनी परत आली तेव्हा घरात वॉर्निशचा दर्प रेंगाळत होता. श्रीरंगला अर्थातच तो कळला नाही. रुपालीने दारातच नाक मुरडलं. "इट स्मेल्स लाइक द डेक."

"डेकचंच काम केलं मी," श्रीरंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मृणालिनीने मडक्यात पाणी घातलं. वाट पाहिली. वाकली. पुन्हा वाकली.

"वास येत नाही रे."

"वापरून वापरून उडून गेला असेल. मातीच ती."

तिने पाणी ओतून टाकलं आणि मडकं फळीवर ठेवून दिलं. पुढच्या आठवड्यात जूडीने दिलेली वाळकी फुलं त्यात आली. श्रीरंग त्या संध्याकाळी गाडीतून उतरून घरी येताना चक्क गुणगुणत होता.

ऑक्टोबर लागला आणि घटस्थापना आली.

बापटांकडे घट बसतो. श्रीरंगची आई, सुमित्राबाई, सांगलीला कडक सोवळ्यात बसवायच्या. इथे आल्यापासून मृणालिनी तांब्याचा तांब्या मांडायची, भोवतीच्या मातीत गहू पेरायची आणि रोज वरून पाणी शिंपडायची. सासूबाई फोनवर दरवर्षी तेच म्हणायच्या: तो घट नव्हे, मातीचा हवा, घट आपणहून पाझरतो आणि त्या ओलीवर धान्य उगवतं, वरून पाणी घालायचं नाही. मातीचं मडकं अमेरिकेत कुठून आणणार? नर्सरीतल्या कुंडीला बुडाशी भोक असतं. एकदा सांगलीहून आणलेलं बॅगेतच चुरा होऊन आलं.

"या वर्षी आहे ना आपल्याकडे," मृणालिनी म्हणाली, आणि तिने वाळकी फुलं काढून टाकली.

श्रीरंग पेपर वाचत होता. पेपरच्या मागे त्याचा चेहरा काय झाला ते कुणी पाहिलं नाही. "अगं, ते कुठल्या कोण लोकांचं. देवाला चालेल का?"

"सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, माती ती माती."

आता आईनेच मान्यता दिल्यावर पुढे बोलायला जागा नव्हती. सांगायचं तर एकच सांगता आलं असतं, आणि त्याने पेपरचं पान उलटलं. परातीत काळी माती पसरली गेली, गहू पेरले गेले, मधोमध तो बर्बर बायकांचा घट बसला, आत पाणी, वर पानं आणि नारळ. घरचा कर्ता म्हणून पूजा श्रीरंगला करावी लागली. ज्या मडक्याचं नाक दाबून त्याने जीव घेऊ पाहिला, त्यालाच आता रोज हळदकुंकू वाहायचं, माळ चढवायची, हात जोडायचे. घट एकदा बसला की नऊ दिवस हलवता येत नाही. तेवढे दिवस कुमार, म्हणजे कुमारची वस्तू, त्याच्या देवघरात बसून त्याच्याकडून नमस्कार घेणार होती.

मडकं पाझरलं नाही, हे ओघानेच आलं. वॉर्निश चांगल्या कंपनीचं होतं. त्यात घरात हीटिंग सुरू झालेलं. तिसऱ्या दिवशी माती भेगाळली. मृणालिनी संध्याकाळी देवघरासमोर बसली होती, गुडघ्याला हाताची मिठी घालून.

"इतकी वर्षं उगवलं," ती म्हणाली. "आणि या वर्षी खरा घट आणला तर एक दाणा नाही. माझंच काही चुकलं असेल का रे?"

श्रीरंगला तिची दया आली. खरोखर आली. पण त्याहून जास्त भीती वाटली. उद्या ती घट जवळून पाहणार, अंगावर नख ओढणार, आणि मग विचारणार.

तेव्हा दुसऱ्या सकाळी मृणालिनी आंघोळीला गेलेली असताना श्रीरंग रुपालीच्या खोकल्याच्या औषधाचा ड्रॉपर घेऊन देवघरात शिरला. घटाला धक्का न लावता, माती न उकरता, थेंब थेंब करून त्याने सगळी परात भिजवली. घटाच्या बुडालगत जरा जास्त. रोज तसंच. मग टाय लावून गाडी पकडायची. दोन दिवसांनी मातीतून पांढरट टोकं वर आली.

"श्रीरंग, उगवलं," ती ओरडली, आणि तिने त्याचा हात पकडून त्याला ओढत आणलं. बऱ्याच दिवसांत तिने असा हात पकडला नव्हता.

पुढे काय झालं ते लक्षात घेण्यासारखं आहे. या माणसाला त्या रोपांचा लळा लागला. गाडीत बसल्या बसल्या त्याला वाटायचं, डाव्या बाजूला कमी पाणी पडतं का? रविवारी त्याने खिडकीचा पडदा सरकवून ऊन येतं का पाहिलं. दसऱ्यापर्यंत रोपं अर्धी वीत झाली, दाट, हिरवीगार, घटाचं बूड झाकून टाकणारी. तांब्याच्या काळात असं कधी आलं नव्हतं. श्रीरंगला मनातल्या मनात फार अभिमान वाटत होता आणि तो कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

दसऱ्याला जेवायला सरलाकाकू आल्या होत्या, आणि कुमार. सरलाकाकू म्हणजे नेपरव्हिलच्या मराठी घरांतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, मुलाकडे राहणाऱ्या. त्यांनी चप्पल काढली आणि तडक देवघर गाठलं.

"अगंबाई. वरून पाणी नाही घातलं?"

"एक थेंब नाही, काकू," मृणालिनी म्हणाली.

"तरी एवढं? घट पाझरला हो. चाळीस वर्षं घट बसवतेय, पण असं धान्य नाही पाहिलं. कुणी आणलं म्हणालीस मडकं?"

मृणालिनीने कुमारकडे बोट केलं. सरलाकाकू त्याच्याकडे वळल्या. "तुमचा हात गुणी आहे हो."

"माझं काय, काकू," कुमार हसला. "त्या बायकांचं कौशल्य."

"नाही हं," मृणालिनी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "कुमार, खरंच. तुझ्यामुळे या घरात पहिल्यांदा घट बसला. तुझ्यामुळे उगवलं हे."

श्रीरंगच्या हातात श्रीखंडाचं भांडं होतं. सहा-सात सकाळी ड्रॉपर घेऊन गुडघ्यांवर बसलेला माणूस तो होता. पँटच्या गुडघ्याला लागलेली माती त्याने ऑफिसात झटकली होती. आणि तुझ्यामुळे कोण, तर कुमार.

"कुणामुळे काही नाही," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "पाझरलं बिझरलं काही नाही ते. मी घालतोय पाणी. रोज सकाळी. ड्रॉपरने. ते मडकं पाझरणारच नाही, दोन हात वॉर्निश मारलंय मी त्याला, आतून-बाहेरून."

पहिली रुपाली बोलली. "आय टोल्ड यू. इट स्मेल्ड लाइक द डेक."

सरलाकाकूंनी मडक्याकडे पाहिलं, मग श्रीरंगकडे, मग कुमारकडे, आणि काय ते समजल्या. "मृणालिनी सांगत होती, दृष्ट लागू नये म्हणून नक्षी असते ना यावर?" त्यांनी कुमारला विचारलं. "परदेशातली आहे. मराठी दृष्ट तिला ओळखू आली नसेल."

कुमार हसला नाही. मान खाली घालून उभा राहिला, आणि त्याबद्दल श्रीरंगला त्याचा आणखीच राग आला. मृणालिनीने श्रीरंगच्या हातातलं श्रीखंडाचं भांडं काढून घेतलं. "पानं वाढली आहेत. बसा," ती म्हणाली. सगळ्यांना तिने आग्रह करकरून वाढलं. श्रीरंगलाही वाढलं, पण आग्रह केला नाही.

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात भांडी विसळायला उभी राहिली. तो दारात उभा राहिला.

"का?" तिने पाठ न वळवता विचारलं.

"तू रोज त्याच्यावर वाकायचीस. डोळे मिटून." पुढचं त्याला जड गेलं. "तू आणि तो. त्या दिवशीसारखी. मला वास येत नाही, त्यात माझा काय दोष?"

तिने नळ बंद केला. "तुला तो वास कुमारचा वाटला?"

त्याने मान डोलावली.

"मिरजेला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आमच्याकडे माठ होता. दाराच्या मागे, तिवईवर. आई पहाटे भरायची. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी मी त्याच्यावर वाकायची, आणि आई रागवायची, पाण्यात तोंड घालू नको म्हणून. आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत घर आवरून झालं होतं. माठ कुणाला तरी देऊन टाकला होता. कुणाला, ते भावालाही आठवेना." तिने पदराने हात पुसले. "वास गेला तेव्हा मला वाटलं माझंच नाक गेलं. तुझ्यासारखं. पुढच्या मंगळवारी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय मी."

इतके दिवस श्रीरंग एका माणसावर जळत होता आणि त्याने बंद केली ती तिची आई. माफी मागायला तो तोंड उघडणार होता, पण ती वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी नव्हती. तो गेला नाही. घट उठवून झाला होता, रोपं काढून देवापुढे ठेवली होती. रिकामं मडकं घेऊन तो गराजमध्ये बसला, मांडीवर जुना टॉवेल, हातात पॉलिश पेपर. वॉर्निश मातीत मुरलं होतं, नुसतं वरचं घासून भागत नव्हतं, मातीचा पापुद्राही काढावा लागत होता. आणि मातीबरोबर नक्षी जात होती. डोंगरातल्या कुणा बाईने हाताने काढलेले त्रिकोण पिवळट भुकटी होऊन त्याच्या पँटवर पडत होते. एक चौकोन गेला, त्यातला ठिपका गेला. तो घासत राहिला. आतून हात घालून घासताना बोटांची सालं निघाली. जूडी कुत्रा फिरवताना थांबून म्हणाली की तुम्ही एवढी सुंदर वस्तू खराब करताय, तर त्याने मान हलवली.

दुपारपर्यंत तळहाताएवढा भाग आतून-बाहेरून मोकळा झाला. मडकं आता दिवाणखान्यात ठेवण्याच्या लायकीचं राहिलं नव्हतं. त्याने त्यात पाणी घातलं आणि समोर बसून राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग त्या बोडक्या जागेवर मध्यभागी एक काळसर डाग उमटला आणि हळूहळू पसरला.

त्याने हाक मारली. "अगं." मग थांबून पुन्हा मारली. "मृणालिनी."

ती गराजच्या दारात आली. मडक्याकडे पाहिलं, त्याच्या बोटांकडे पाहिलं. सिमेंटच्या फरशीवर गुडघे टेकले आणि वाकली. डोळे मिटले. तोही तिच्या शेजारी गुडघ्यांवर आला, डोक्याला डोकं लागेल इतका जवळ, त्या शनिवारी कुमार होता बरोबर तिथे, आणि त्याने होता नव्हता तेवढा श्वास ओढून घेतला.

"आला?" तिने डोळे न उघडता विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," श्रीरंग म्हणाला. "तुला?"

"अगदी थोडा," ती म्हणाली. "अजून घास."